डावं चाक का तापतं, आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणतीस, धंदा होड्यांचे ट्रेलर दुरुस्त करणं, लिहून ठेवते की आज सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. आत्या समोर बसली आहे, पण ती वर्तमानपत्र वाचते आहे. तिने एका वकिलांच्या कचेरीत एकतीस वर्षं अशीच मृत्युपत्रं टाइप केली. तिचं म्हणणं, "डोकं ठिकाणावर आहे एवढंच लिही. किती वाजता ते कोणी विचारत नाही." पण माझं डोकं दिवसभर एकाच ठिकाणी राहत नाही असा अनुभव आहे, म्हणून वेळ तशीच ठेवली आहे.

यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं. बारा वर्षांची असताना वहीच्या मागच्या पानावर एक केलं होतं, त्यात सगळं मांजराला दिलं होतं. मांजर माझ्याआधी गेलं.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की उद्या नाही, पुढच्या मंगळवारी माझ्या गळ्यातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे. शंभरात एखाद्यालाच त्रास होतो."

मी विचारलं, "त्या एखाद्याचं नेमकं काय चुकतं?"

"तुम्ही काम काय करता?"

"ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग बदलते."

"मग तुम्हीच सांगा, शंभर बेअरिंगमधलं एखादंच का जातं?"

मी सांगायला लागले. आत शिरलेलं पाणी, खराब ग्रीस, जास्त आवळलेला नट, तिरका बसलेला कप. चौथ्या कारणाला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आणि या कागदाचं निम्मं कारण तेच आहे. माझ्या मामांच्या ट्रेलरचं डावं बेअरिंग दीड वर्षात दोनदा जळलं. तिसरं आता तापू लागलं आहे. त्या ट्रेलरचे ब्रेक मी माझ्या हाताने काढले आहेत. मामा दर रविवारी होडी लादून तो ट्रेलर उतारावरून पाण्यापर्यंत नेतात. उताराच्या तळाशी भाजीच्या गाड्या लागतात, आणि मामांच्या गाडीत मामी व नात बसलेल्या असतात. मंगळवारी मी टेबलावरून उठले नाही, तर ते चाक का तापतं हे शोधणारं कोणी उरणार नाही. त्यामानाने बाकीची मालमत्ता सोपी आहे, म्हणून आधी ती उरकते.

कलम १. माझी माणसं

आई मी सात वर्षांची असताना गेली, बाबा चार वर्षांपूर्वी. भाऊ एक, थोरला, मी त्याला दादा म्हणते. तो शहरात बस चालवतो. आत्या ही बाबांची मोठी बहीण, आमच्याच घरात माडीवर राहते. मामा हे आईचे एकुलते एक भाऊ, निवृत्त पोस्टमास्तर.

अकराव्या वर्षापर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. छाती कमकुवत होती आणि शाळेची चढण मोठी होती. वाचायला आत्याने शिकवलं, कचेरीतून आणलेल्या वाया गेलेल्या मसुद्यांवरून. त्यामुळे ‘ससा’ हा शब्द मला ‘सदरहू’नंतर आला. गणित बाबांनी शिकवलं, बेअरिंगच्या डब्यांवरचे आकडे दाखवून. शाळेत गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "पंचवीस आणि बावन्न यांत काय नातं?" मी म्हणाले, "आतला व्यास आणि बाहेरचा." मला मागच्या बाकावर बसवण्यात आलं.

कलम २. घर आणि शेड

घराचा आणि त्याला लागून असलेल्या शेडचा माझा अर्धा हिस्सा दादाला. इथे मी अट लिहिली होती की आत्या हयात असेपर्यंत माडी तिचीच आणि पुढची पाच वर्षं शेडचं पार्किंग करायचं नाही. आत्याने वर्तमानपत्र खाली केलं.

"अट घातलीस की माणूस पळवाट शोधायला लागतो. विनंती लिही."

"विनंती तर कोणीही मोडेल."

"मोडेल, पण नंतर जेवताना घास अडकेल. कचेरीत पाहिलंय मी."

तेव्हा विनंती. मात्र मागच्या खोलीची खिडकी आधी उचलून मग ओढावी, ही विनंती नाही. नुसती ओढली तर ती हातात येते.

कलम ३. बँकेत जे असेल ते आत्याला. तिने ते दाताच्या डॉक्टरकडे खर्च करावं. तिसऱ्यांदा सांगते आहे.

कलम ४. हत्यारं

मोठा जॅक, ट्रेलर टेकवायच्या दोन घोड्या, हब म्हणजे चाकाचा तुंबा ओढून काढायचा पुलर, ग्रीस गन आणि पान्यांची पेटी दादाला. त्याने ती विकली तरी हरकत नाही, फक्त एकेक करून विकू नये. पेटीतला एकोणीसचा पाना गेला की बाकीचे निराधार होतात.

पितळी सळई. बेअरिंगचा जुना कप, म्हणजे बाहेरचं कडं, हबमधून ठोकून काढायला ही लागते. लोखंडी सळई वापरली तर हबला ओरखडे पडतात. बाबांची सळई शेजारच्या शेडमधल्या होड्या रंगवणाऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी ‘पाच मिनिटांसाठी’ नेली आणि वाकवून परत दिली. विचारलं तर म्हणाले, "आधीच तशी होती गं. तुझी नजर फार सरळ, म्हणून तुला जग वाकडं दिसतं." सदरहू वाकडी सळई मी त्यांना संपूर्ण मालकी हक्काने देते. त्यांनी ती भिंतीवर लावावी.

नळदुरुस्ती करणारे एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आपला ट्रेलर घेऊन आले, तेव्हा मी ट्रेलरखाली होते, फक्त पाय बाहेर. "ए, मालक कुठाय?" "इथंच आहे." "अगं, मोठा मालक." "पाच फूट दोन इंच. याहून मोठा नाही." ते निघून गेले आणि दुपारी धूर सोडणारं चाक घेऊन परत आले. मी त्यांचं काम नीट केलं आणि त्यांना माफ केलं नाही. दोन्हींची नोंद असावी.

कलम ५. पिनेचा नियम, आणि माझी त्यातली लबाडी

आमच्या शेडमध्ये बाबांचा एक नियम चालत आला आहे. बेअरिंगवरचा नट ज्याने आवळला, त्याने त्यात पिन घालायची नाही. नट चाक फिरवत फिरवत जड लागेपर्यंत आवळायचा, मग एक पैलू मागे सोडायचा, आणि मग दुसऱ्याला हाक मारायची. दुसऱ्याने चाक वर-खाली धरून हलवून बघायचं, फिरवून कान लावायचा, आणि पटलं तरच पिन घालून तिचे पाय दुमडायचे. पिन नसेल तर नट रस्त्यात सुटतो आणि चाक तुमच्या पुढे निघून जातं. बाबा म्हणायचे, "आवळणाऱ्याला नेहमीच वाटतं की बरोबर आवळलंय."

आठ वर्षांची असताना मी दादाच्या नटात पिन घालायला नकार दिला. का ते सांगता येईना. दादा वैतागला, "ओ इन्स्पेक्टरबाई, घाला की आता!" बाबांनी नट सोडून पाहिला, आत वॉशर नव्हता. त्या दिवसापासून दादा मला इन्स्पेक्टरबाईच म्हणतो. बाबा गेल्यावर तो तीन महिने माझ्याबरोबर राबला आणि एक दिवस म्हणाला, "तुझ्यासोबत काम करायचं म्हणजे रोज परीक्षेला बसायचं." मी म्हणाले, "मग अभ्यास कर." तो बसवर गेला. ते वाक्य मी या कलमान्वये परत घेते.

तेव्हापासून मी एकटी आहे. नट आवळते, बाहेर जाते, हात धुते, पाणी पिते, आणि दुसरी बाई म्हणून आत येते. ही दुसरी बाई पहिलीला सहसा दुखवत नाही. मामांच्या ट्रेलरच्या डाव्या चाकात दोन्ही वेळा पिन तिनेच घातली, म्हणून पहिला संशय माझ्यावरच आहे.

कलम ६. मामांचा ट्रेलर

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामा ट्रेलर घेऊन आले. चाकांत ड्रमचे ब्रेक होते. असे ब्रेक गाडीतून दाबायचे नसतात. गाडी हळू झाली की मागून ट्रेलर तिला ढकलतो, त्या ढकलण्यानेच पुढचा दांडा आत सरकतो आणि तार ओढली जाऊन ब्रेक लागतात. कल्पना फार सुंदर आहे, पण होडी उतरवताना चाकं दर वेळी खाऱ्या पाण्यात बुडतात, आणि मामा नंतर ती गोड्या पाण्याने धूत नाहीत. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे शू गंजून त्यालाच चिकटले होते.

"हे काढूनच टाक पोरी. मागच्या रविवारी चाक फिरेना. घरापर्यंत धूर. रस्त्यात लोक हात करत होते, मला वाटलं ओळखीचे आहेत. मीही हात करत होतो."

"काढता येतील मामा. पण सगळं मिळून साडेसातशे किलोच्या आत असेल तरच. त्याच्यावर ब्रेक लागतातच."

"सहाशे वीस."

"होडी, इंजिन, ट्रेलर, सगळं?"

"सहाशे वीस म्हटलं ना."

अनोळखी माणसाला मी समोरच्या भंगारवाल्या मावशींच्या काट्यावर पाठवते. पाठवतेच. गेल्या चार वर्षांत एकालाही सोडलेलं नाही. मामांना पाठवलं नाही. वडीलधाऱ्याने सांगितलेला आकडा आमच्या घरात पुन्हा मोजत नाहीत. शिवाय या माणसाने चाळीस वर्षं खिडकीत बसून पाकिटं तोळामाशाने तोलली होती. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

ड्रम ओढून काढले, शू आणि स्प्रिंगा काढल्या, मागच्या पत्र्याचे चार-चार बोल्ट सोडले, तार काढली, सरकणारा दांडा काढून साधा पक्का दांडा बसवला. ड्रम साफ करून नुसता हब म्हणून परत चढवला, दोन्ही चाकांना नवी बेअरिंग, नवे ऑइल सील, नवं ग्रीस. ब्रेकचे सुटे भाग फेकले नाहीत. घासून, तेल लावून, ‘डावा’ ‘उजवा’ चिठ्ठ्या बांधून खोक्यात भरले, ते खोकं वरच्या फळीवर आहे.

पाच महिन्यांनी डावं बेअरिंग जळलं. रोलर निळे-जांभळे झाले होते. मला वाटलं, मी नट जास्त आवळला. नवं घातलं, या वेळी दहादा हलवून पाहिलं. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. उजवं काढून पाहिलं तर नव्यासारखं. एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच डब्यातल्या ग्रीसने केलेली दोन चाकं. तीन आठवड्यांपूर्वी मामा सहज म्हणाले, "डावीकडे परत जरा कोमट लागतंय. पण तुझं ऑपरेशन होऊ दे आधी." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तेव्हा हा प्रश्न मी दादाला देते.

आत्याने पेपर पूर्ण खाली ठेवला. "प्रश्न देता येत नाही. मृत्युपत्राने मालमत्ता देतात."

"हा माझ्या मालकीचाच आहे."

"असं? मग लिही चतुःसीमा. जमीन देताना लिहितात तशा. कळू दे घेणाऱ्याला, कुठून कुठपर्यंत आहे ते."

ती चेष्टा करत होती. मी लिहिल्या.

पूर्वेस: नट. दोन्ही वेळा सोडून तपासला, बरोबर आवळलेला.
पश्चिमेस: ऑइल सील. नवे, आत पाण्याचा थेंब नाही, ग्रीस स्वच्छ.
उत्तरेस: आस. दोरी लावून पाहिली, सरळ. कप नीट बसलेला. टायरमध्ये हवा दोन्हीकडे सारखी.
दक्षिणेस: वजन, सहाशे वीस किलो, मामांच्या सांगण्यावरून.

ही चौथी सीमा लिहून मी पेन ठेवलं. तीन बाजू मी स्वतः पाहिल्या होत्या. चौथ्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते.

बुधवारची पुरवणी

आत्याचं म्हणणं, वरचं फाडून नवं लिही. मी नाही म्हणाले. नवं लिहिलं तर सोमवारी मला काय माहीत नव्हतं, ते कोणाला कळणार नाही.

मंगळवारी सकाळी मामांना फोन केला. तीन वेळा आकडे फिरवून ठेवून दिला, चौथ्यांदा लागला.

"मामा, ट्रेलर एकदा होडीसकट काट्यावर चढवू या का?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"माझ्या कामावर नाही, मामा."

"बेअरिंग तुझं जळतं आणि तोलायचं मला? वा!"

पण आज आले. इस्त्रीचा सदरा घालून, जणू कोर्टात साक्ष आहे. मावशींचा काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, त्यावर एका वेळी एक चाक मावतं. मावशींनी आकडे ओरडून सांगितले. उजवं चाक तीनशे चाळीस. पुढचा दांडा साठ. डावं चाक पाचशे पस्तीस.

एकूण नऊशे पस्तीस किलो.

मामा म्हणाले, "काटा बिघडलाय."

मावशी म्हणाल्या, "साहेब, याच्यावर माझी चूल पेटते. काट्याला नावं ठेवू नका. तुमची होडी काय खाऊन बसलीय ते बघा."

मामा स्वतः काट्यावर चढले. बहात्तर भरले. घरच्या काट्यावर सकाळी तेवढेच भरले होते. ते उतरले.

मग मात्र मला घाबरायला वेळ मिळाला नाही, कारण तीनशे किलो कुठे लपले आहेत हे बघायचं होतं. होडीतून नांगर, दोर, बादल्या, दोन वल्ही, डबे, एक घडीची खुर्ची आणि मामींनी हरवली म्हणून शोधलेली छत्री काढली. सगळं मिळून एकोणचाळीस. उरले ते होडीच्या अंगातच होते. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन होडीच्या तळावर आतून ठोकत गेले, कलिंगड बघतात तसं. उजवीकडे ठण, ठण. डावीकडे थप. थप. थप.

या जातीच्या होडीला दोन तळ असतात. त्यांच्यामध्ये थर्मोकोलसारखा फेस भरून घट्ट केलेला असतो, म्हणजे उलटली तरी ती बुडू नये. मामांची परवानगी मागितली.

"भोक पाडणार? माझ्या होडीला?"

"करंगळीएवढं. नंतर बुजवते."

"पाड बाई. आज माझं तसंही काय राहिलंय."

मागच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली ड्रिल लावलं. पाणी आलं. आधी करंगळीएवढं काळपट, मग जरा स्वच्छ, आणि थांबेचना. मावशींनी चाळीस लिटरचं पिंप आणून लावलं. ते भरलं तेव्हा दुसरं लावलं. फेसाने इतकी वर्षं थेंब थेंब पाणी पिऊन घेतलं होतं. मामांच्या अंगणाचा उतार डावीकडे आहे, होडी वर्षभर तशीच कलून उभी असते, म्हणून पाणी डावीकडे साचलं. उजव्या बेअरिंगला झेपेल एवढाच भार होता, डाव्यावर दीडपट. मी नट किती नाजूकपणे आवळते याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

मामा पिंपाच्या काठावर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, "घेतली तेव्हा सहाशे वीसच होती गं. पावती आहे घरी."

"मी कुठे नाही म्हणते? चोवीस वर्षांपूर्वी होतीच."

"चोवीस वर्षं. म्हणजे यातलं थोडं पाणी तुझी आई बसली होती तेव्हाचं." मग एकदम मावशींकडे वळून, "भाजीवाल्यांना सांगू नका कोणी."

भाजीवाले म्हटल्यावर मी उताराकडे पाहिलं. दीड वर्ष, रविवारमागून रविवार, नऊशे पस्तीस किलो बिनब्रेकचे त्या उतारावरून खाली गेले होते, मामी आणि नातीच्या पाठीमागे. काही झालं नाही. त्याचं श्रेय माझ्याकडे नाही. मामांनी जुना आकडा दिला, होडी गुपचूप पाणी प्यायली, हे सगळं खरं. पण ब्रेक काढणारे हात माझे, आणि काटा रस्त्यापलीकडे होता. लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही. हे मी कोणाच्याही वाट्याला देत नाही.

दोन तासांनी सामान परत होडीत ठेवून पुन्हा तोललं. आठशे ऐंशी. फेस पूर्ण वाळायला कित्येक महिने लागतील, कदाचित तो कापून काढावा लागेल. तोपर्यंत, आणि पुन्हा भरवसा बसेपर्यंत, या ट्रेलरला ब्रेक हवेत. म्हणून पुढचं कलम.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर दादाने सर्वांत आधी वरच्या फळीवरचं खोकं उतरवावं, नवे शू आणि नवी तार आणून मामांच्या ट्रेलरला ब्रेक परत बसवावेत, सरकणारा दांडा परत लावावा, दोन्ही बेअरिंग नवी घालावीत. तोवर सदरहू ट्रेलर शेडच्या बाहेर जाऊ नये. मामा कितीही बोलले तरी शेडची किल्ली देऊ नये.

~~कलम ७~~ रद्द. खाली सही केली आहे. रद्द केलेल्या कलमाला कारण द्यायची पद्धत नाही असं आत्या म्हणते, तरी देते.

गुरुवारी मामा आले आणि त्यांनी हा कागद मागून घेऊन वाचला. दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी काय करायचं? शेडसमोर उभं राहून तुझ्या मरणाची वाट बघायची?"

"तसं नाही हो मामा. मी नसले तर कामाला खीळ बसू नये म्हणून."

"आणि असलीस तर?"

"असले तर बरी झाल्यावर मीच करेन. महिन्याभरात."

"महिनाभर किल्ली तुझ्याकडे?"

"हो."

मला वाटलं आता आवाज चढणार. त्यांनी फक्त कलमावर बोट ठेवलं. "हे जे मेल्यावर करायचं लिहून ठेवलंयस, ते जिवंत माणसाला करायला किती दिवस लागतात?"

"दीड."

"आज गुरुवार आहे."

मी आत्याकडे पाहिलं. आत्या पेपरमध्ये शिरली होती, पण पेपर उलटा होता.

शुक्रवारी सकाळी शू आणि तार आली. मागचे पत्रे पुन्हा बोल्टवर चढवले, शू बसवले, स्प्रिंगा ताणल्या. एक स्प्रिंग सुटून मामांच्या चष्म्याला लागली, ते म्हणाले, "डोळा शाबूत आहे, तू कर काम." पुढचा दांडा बदलला, तार ओढून दोन्ही बाजू सारख्या केल्या. शनिवारी बेअरिंग. बाहेर जाऊन पाणी प्यायला निघाले तर मामांनी विचारलं, "कुठे?" सांगितलं. ते म्हणाले, "मी काय शोभेला आहे?"

त्यांनी डावं चाक वर-खाली धरून हलवलं. फिरवलं. गुडघे दाबत खाली बसून कान लावला. पिन हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"पटेपर्यंत घालायची नाही ना?"

"नाही."

"मग घाई करू नकोस. पाकीट उलटं तोललं की चूक सापडते, नेहमी." त्यांनी चाक उलट्या दिशेने फिरवून ऐकलं. मग उजवं ऐकलं. मग परत डावं. अर्ध्या तासाने पिन आत गेली.

दुपारी रस्ता रिकामा असताना होडीसकट उतारावर नेलं. गाडी मी चालवली, मामा बाजूला. वरून खाली, भाजीच्या गाड्यांच्या बऱ्याच आधी मी पाय दाबला. ट्रेलरचा दांडा टक् करून आत गेला आणि एवढं सगळं वजन आमच्यामागे शहाण्यासारखं थांबलं. उजवा ब्रेक किंचित आधी धरत होता, तो वळून येऊन सारखा केला. तीनदा खाली, तीनदा वर. मग उतरून मामांनी डाव्या हबवर हात ठेवला, मी उजव्यावर, आणि आम्ही जागा बदलल्या. दोन्ही सारखेच कोमट. डावा अजून जास्त भार उचलतो आहे, म्हणून महिन्याभराने परत हात लावून बघायला हवा, ते कोणीही करू शकेल.

यामुळे कलम ७ मध्ये सांगितलेलं काम उरलेलं नाही. कलम ६ मधला प्रश्न दादाला द्यायचा नाही, त्याचं उत्तर मिळालं आहे. त्याबदली त्याला काय द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही. मंगळवारनंतर विचार करीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. खाडाखोड एक, तिच्याखाली सही आहे. आत्याला यात वाटा असल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकत नाही. तिने फक्त माझं शुद्धलेखन तपासलं, आणि ‘चतुःसीमा’मधला विसर्ग तिचा आहे.

ठिकाण: शेड, उताराच्या वरच्या टोकाला.
दिनांक: १२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी अकरा. डोकं ठिकाणावर.
सही: ट्रेलरवाली, धाकटी मुलगी

साक्षीदार पहिल्या, समोरच्या भंगारवाल्या मावशी:
सही माझ्यादेखत झाली. यातलं मला काही मिळत नाही हे आधी विचारून घेतलं. पोरीने लवकर घरी यावं.
सही

साक्षीदार दुसरे, मामा, निवृत्त पोस्टमास्तर:
सही माझ्यादेखत झाली. कलम सहामधला आकडा मी सांगितला होता आणि तो मी तपासला नव्हता. भाचीने तेव्हा काटा दाखवला असता तर मी रागावून ट्रेलर दुसरीकडे नेला असता, हेही खरं आहे, तिने लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितो. आज रविवार आहे. होडी पाण्यात नेलेली नाही, अंगणात भोकाच्या बाजूला कलती करून वाळत ठेवली आहे.
सही